काढला

बस अस्नोड्याच्या थांब्यावर उभी राहिली आणि विनोदिनीच्या मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरला. नवऱ्याचा असेल, घराची किल्ली कुठे ठेवलीस म्हणून विचारत असेल, असं समजून तिने तो काढला, वाचला आणि परत पर्समध्ये टाकून चेन शेवटपर्यंत ओढली. मजकूर तसा चांगला होता. कोणीही वाचला असता तर बाईचं नशीब आहे म्हणाला असता. 'ताई, आज अकराच्या सुमाराला अपग्रेड घेतोय. तुम्ही आठवड्याचा बॅकअप काढलाय म्हणून निवांत आहे. पेपरला शुभेच्छा.' पाठवणारा प्रशांत, गडहिंग्लजचा, पेडण्याच्या एका तपासणी लॅबचे संगणक सांभाळणारा, वयाने तिच्याहून चांगला दहा-बारा वर्षांनी लहान आणि तरी तिचा सर. ती त्याच्या हाताखाली शिकत होती. चाळिशी उलटल्यावर, सर्व्हर कसा उभा करायचा, कसा चालता ठेवायचा, पडला तर कसा उठवायचा, हे शिकत होती, आणि आज ह्याच विषयाची परीक्षा द्यायला डिचोलीहून म्हापशाला निघाली होती. खिडकीबाहेर पोदेराच्या सायकलवर पावांची टोपली निळ्या प्लास्टिकखाली झाकलेली होती आणि तो टोपली सोडून कोणाशी तरी भांडत होता. विनोदिनी बराच वेळ ते भांडण बघत राहिली. निवांत हा शब्द तिला बसू देत नव्हता.

काढला होता. त्यात खोटं काहीच नव्हतं. शनिवारी दुपारी त्याने लिहिलं होतं, 'आठवड्याचा बॅकअप काढा आणि मग घरी जावा,' तिने काढला आणि ती घरी गेली. संध्याकाळी त्याने विचारलं, 'काढला का?' तिने कळवलं, 'काढला.' इतका स्वच्छ व्यवहार. फक्त त्याला म्हणायचं होतं की लॅबमधल्या सगळ्या रुग्णांच्या सगळ्या रिपोर्टांची एक ताजी प्रत काढून ठेवा, आणि तिने गेल्या आठवड्याची जी एकुलती एक प्रत होती ती काढून टाकली होती. शुक्रवारभर तो डिस्क भरली, डिस्क भरली म्हणून कावत होता. जागा नाही म्हणून रोजचा बॅकअपही त्याने बंद ठेवला होता. तेच तिच्या डोक्यात बसलं होतं. आठवडा नावाचा फोल्डर समोर होता, चांगला गलेलठ्ठ, आणि काढा म्हटलं होतं. तिने पुसण्याची आज्ञा लिहिली, एकदा नीट वाचली, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दुसऱ्यांदाही वाचली आणि एंटर दाबलं. लिनक्सची रीत अशी की काही बिघडलं तर भडाभडा बोलतं आणि सांगितलेलं केलं तर हूं की चूं करत नाही. ते गप्प राहिलं. पांढरी चौकट पुढच्या आज्ञेची वाट बघत लुकलुकत राहिली आणि तिला बरं वाटलं, घर झाडून झाल्यावर वाटतं तसं.

आणि मग? मगचं काही आठवायचं नाही असं तिने शनिवारपासून ठरवलं होतं, पण बस थिवीच्या चढाला लागली तशी ते आपलं आपण आठवायला लागलं. ड्रायव्हरने गिअर टाकला, पुढच्या बाईची भाजीची पिशवी कलंडली, तांबडी भाजी पायांत आली आणि विनोदिनीने वाकून ती गोळा करून दिली. बाई म्हणाली, "देव बरें करूं गो बाय." आपल्याला देव बरं का करील, असा विचार तिच्या मनात येऊन गेला.

काढणे. केवढा घाणेरडा शब्द आहे, तिला वाटलं, लहानपणापासून तोंडात आहे आणि एकदाही त्याच्याकडे नीट बघितलं नाही. रांगोळी काढतात म्हणजे नव्हती ती येते. चप्पल काढतात म्हणजे होती ती जाते. फोटो काढतात, आठवण काढतात, भांडण उकरून काढतात. मुलगी नाव काढील म्हणतात तेव्हा नाव राहतं, आणि यादीतून नाव काढलं म्हणतात तेव्हा ते जातं. चोपड्याला माहेरी असताना आईचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पिशवी काढली, काळजी करू नका, आणि तिचा बाप, जन्मभर शापोऱ्याच्या पाण्यात जाळं टाकणारा माणूस, हात जोडून म्हणाला होता, "काडून खंय दवरली, डॉक्टर?" त्यावर इतकी वर्षं सगळं घर हसत आलं. बापाला वेड्यात काढलं होतं सगळ्यांनी. काढून कुठे ठेवली, हा प्रश्न आज तिला अगदी रास्त वाटला. प्रशांतने शनिवारी एवढंच विचारलं असतं तर?

शिरगावच्या खाणीच्या कचेरीत ती सोळा वर्षं होती. ट्रकांच्या फेऱ्या संगणकावर चढवायच्या, खनिजाचं वजन, ट्रकाचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. तांबडी धूळ की-बोर्डच्या फटींत जायची आणि ती केसातल्या आकड्याने ती टोकरून काढायची. तिचा नवरा गौरेशही तिथेच टिपर चालवायचा. त्याचं नाव दिवसातून चार वेळा टाइप करताना पहिल्या पहिल्यांदा तिला लाज वाटायची. मग खाण बंद झाली आणि सगळ्यांना कामावरून काढलं. गौरेशने हातपाय मारून कंत्राटदाराचा पिकअप मिळवला. विनोदिनीला कोणी काही विचारलं नाही, कारण फेऱ्या चढवणाऱ्या बाईला फेऱ्या नसल्या तर काय विचारणार? कचेरी रिकामी करताना दोन जुने संगणक भंगारात निघाले होते, ते तिने मागून घेतले. का घेतले ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. घरी स्वयंपाकघराशिवाय जागा नव्हती. रगड्याशेजारी ते मांडले आणि त्यांच्यात लिनक्स टाकायला ती शिकली, म्हणजे टाकून मोडायला शिकली. मोडायचं, परत उभं करायचं. एक मशीन दुसऱ्याला हाक मारतं का बघायचं. कांदा फोडणीला टाकून इकडे एक आज्ञा द्यायची आणि कांदा करपेपर्यंत तिकडे काय झालं ते वाचत बसायचं. गौरेश ताटावर बसून म्हणायचा, "आतां ह्यांकाय जेवण वाड, बिचारीं सकाळ पसून उपाशीं आसात." म्हणायचा, पण पुस्तकं मात्र त्यानेच पणजीहून शोधून आणून दिली, विटेएवढी जाड, इंग्रजी, आणि तिच्या कॉलेजातल्या इंग्रजीला तोवर गंज चढलेला.

त्या पुस्तकांशी तिने आपल्या पद्धतीने सलोखा केला होता. रूट म्हणजे ज्याला सगळ्याचा हक्क तो वापरकर्ता. तो तिला लगेच कळला, घुमटीतला मूळपुरुष, त्याच्या नावाने रोज उठून कोणी काही करत नाही, कारण पडल्याशिवाय त्याला हाक मारायची नसते. डीमन म्हणजे पडद्याआड राहून अखंड राबणारा प्रोग्राम. तो तर देवचारच. चोपड्याच्या वेशीवर त्याला रोट आणि विडी ठेवायचे. तो दिसायचा नाही, पण गावाची राखण करत फिरतो म्हणून लहानपणी झोप शांत लागायची. पुढच्याच प्रकरणात त्याला मारायचं कसं ते दिलं होतं. पुढे पेडण्याच्या लॅबमध्ये काम मिळाल्यावर पहिल्यांदा ती आज्ञा द्यायची वेळ आली तेव्हा विनोदिनीचं बोट एंटरवर जाईना, आणि प्रशांत मागून हसून म्हणाला होता, "मारा की ताई. परत उठतंय ते." ते उठलंही. प्रशांत असा होता. ती चुकली की आवाज चढवायचा नाही, शेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि म्हणायचा, चला, बघू कुठं गेलं ते. लॅबच्या मालकासमोर त्याने सांगितलं होतं, ताई दोनदा वाचल्याशिवाय एंटर मारत नाहीत, मी मारतो. हे त्याने सांगितलं त्या दिवशी घरी येताना ती बसमध्ये उगाचच हसत होती आणि शेजारच्या म्हाताऱ्याने खिडकी लावून घेतली होती.

म्हापसा आलं. ती उतरली आणि स्टँडवर तशीच उभी राहिली. रोज ती इथेच बस बदलून पेडण्याला जाते. पायांना तेच ठाऊक, ते आपसूक तिकडे वळले. "पेडणें, पेडणें, पेडणें," कंडक्टर ओरडत होता, आणि तिला ओळखून म्हणाला, "चल गो, जनेलाकडली सीट आसा." तिने मान हलवली आणि बाजूला झाली. बस निघेना. निघून गेली असती तर बरं झालं असतं. प्रशांत तपासेलच, तिने स्वतःला समजावलं. कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या पानावर तेच, बॅकअप आहे असं समजू नका, उघडून बघा. पण तो निवांत होता. ज्याने तपासलेलं नसतं तोच असा निवांत असतो, आणि जो तपासणार असतो तो बॅकअपचं नावही काढत नाही. बरं, अपग्रेड कशाला बिघडेल? बहुतेक वेळा सुरळीत होतं. नवीन सिस्टीम चढेल, लॅब दुपारी सुरू होईल, संध्याकाळी ती गुपचूप नवीन प्रत काढून ठेवील आणि हे कोणालाही कधीही कळणार नाही. हा विचार इतका सोयीचा होता की ती एका गाड्यावर चहा घ्यायलाही थांबली. चहा पिता पिता तिला दिसलं की परीक्षेचा सगळा वेळ फोन केंद्रावर जमा असणार आहे. तेवढा वेळ ती कोणालाही सापडणार नाही. काही झालं तर ती परीक्षेत असेल. ग्लास खाली ठेवताना तिचा हात शांत होता आणि ते बघून तिची तिलाच भीती वाटली.

कारण शनिवारी नेमकं काय झालं होतं? एंटर दाबलं, बरं वाटलं, आणि पर्स उचलता उचलता तिला आठवलं की गेल्या शनिवारी सरांनी शेजारी बसून आठवड्याचा बॅकअप तिच्याच हातून काढून घेतला होता. आज परत शनिवार. ते त्याबद्दल म्हणत होते. ती बसली, नवीन प्रत काढायला लावली, ती मुंगीच्या पावलाने पुढे सरकायला लागली आणि वीज गेली. पेडण्यात वीज जाते, त्यात नवल नाही. यूपीएस कोकलायला लागला, थोड्या वेळाने तोही विझला. जानकी, लॅब उघडते, झाडते, फोन घेते ती, शटरची सळी हातात धरून उभी होती, "चल गो, माझी बस चुकतली." सोमवारी सकाळी येऊन करू, असं म्हणून विनोदिनी निघाली, आणि सोमवारी परीक्षा आहे हे तिला डिचोलीत उतरल्यावर आठवलं. का तेव्हाच आठवलं होतं? घरी पाय धुवत असताना प्रशांतचा मेसेज आला, 'काढला का?' तिने ओल्या हाताने फोन घेतला. एक शब्द लिहायचा होता. तो तिने लिहिला, आणि हा शब्द दोन्हीकडून खरा आहे हे लिहिताना तिला पुरतं माहीत होतं.

हळर्णची शेवंता तिला तिथेच, चहाच्या गाड्याशी आठवली. मानेत गाठ आहे तिच्या, मधूनमधून मोजून घ्यायला येते. मागचं माप लावून बघायचं आणि वाढली की नाही ते डॉक्टरने सांगायचं. विनोदिनी दर वेळी रिपोर्टाचा कागद पुढे करते आणि शेवंता तो परत सारते. "कागद माका नाका गो बाय. आमच्या घरात कागदाक वाळवी लागता. तुमच्या मशिनीत आसा मगे? मगे पुरो." असं म्हणून ती लुगड्याच्या पदराने मान पुसत निघून जाते, एवढी निर्धास्त. ती गाठ मागच्या वेळी किती होती हे जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, आणि अकराच्या सुमाराला प्रशांत त्याच्यावर नवीन सिस्टीम चढवणार होता.

तिने फोन लावला. बंद किंवा संपर्कक्षेत्राच्या बाहेर. सर्व्हरची खोली एक्स-रेच्या खोलीमागे आहे, तिथे रेंज कधीच पोचत नाही, तिने चार वेळा लावला तरी पोचली नाही. मेसेज लिहायला घेतला, 'सर, आठवड्याचा बॅकअप काढला म्हणजे', आणि पुढे काही सुचेना, पुसला. 'सर, थोडा गैरसमज', पुसला. गैरसमज कोणाचा? शेवटी 'सुरू करू नका' एवढं पाठवलं. एकच टिक आली, दुसरी येईना. चालत ती परीक्षा केंद्राचे दोन जिने चढून गेली तेव्हा तिचा ब्लाउज पाठीला चिकटला होता. वर काचेचं दार, गार हवा, भिंतीशी रांगेत बसलेली मुलं, तिच्या भाच्यांच्या वयाची, पाय हलवत. केंद्रावरची मुलगी ओळखपत्रं बघत होती. टेबलावर फोन ठेवायचा ट्रे होता. "सगळ्यांनी फोन बंद करून इथे द्या," ती म्हणाली. विनोदिनीने लॅबचा साधा फोन लावला.

"हॅलो, लॅब," जानकीचा आवाज आला.

"जानकी, मियां विनोदिनी. सर खंय आसत?"

"सर भितर, मशिनीकडे. आज मशीन बंद करतले म्हण, लोकांक दनपारां येवंक सांग म्हणून सांगलां माका. तुझी परीक्षा न्हय गो आज?"

"तेंका एक निरोप सांग. आत्ताच. आठवड्याचो बॅकअप मियां काडलो—"

"काडलो? बरां केलंस. सांगतंय हां," आणि रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा ठक्क असा आवाज झाला.

"राव! राव गो जानकी!" थांब म्हणून विनोदिनी एवढ्या मोठ्याने ओरडली की रांगेतली सगळी मुलं पाय हलवायची थांबली. घरची बोली ती अशा ठिकाणी बोलत नसे. इंग्रजी नाही तर निदान छापील मराठी बोलायची, तोलून मापून. तिकडे चपलांचा आवाज थबकला, परत आला.

"कित्यां जालां?"

"काडलो न्हय गो. पुसलो. मियां पुसून उडयलो. बॅकअप ना. आयकलंस? ना म्हणजे नाच. सरांक सांग, मशिनीक हात लावं नाका, बॅकअप ना."

मग जानकीने हळूच विचारलं, "उडयलो? तुवें?"

"मियां," विनोदिनी म्हणाली.

चपला धावत गेल्या. कुठेतरी दार उघडलं. फोन कानाशी धरून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कारण मुलं बघत होती आणि त्यांतला एकजण, तिला पक्कं माहीत होतं, हसत होता. हसायचंच ते. सर्व्हरच्या परीक्षेला आलेली बाई सगळ्यांदेखत सांगते की हिने बॅकअप उडवला. केंद्रावरच्या मुलीने तिचं नाव पुकारलं, मग परत पुकारलं. मुलं एकेक करून फोन ट्रेमध्ये ठेवून आत जायला लागली. अकरा अजून व्हायचे होते, पण अकराच्या सुमाराला म्हणजे काय? प्रशांतला घाई असली तर साडेदहालाही सुमार होतो. डोळ्यांसमोर ती पांढरी चौकट लुकलुकत होती आणि तिला शेवंतेचं नाव पुटपुटावंसं वाटत होतं.

"ताई?" प्रशांतचा आवाज आला. धापा टाकत होता.

"सुरू केलंत?"

"न्हाई. करणारच होतो. एंटर मारायचं तेवढं ऱ्हायलं होतं." त्याने श्वास घेतला. "बापरे ताई. वाचलो आपण."

ती भिंतीला टेकली. वाचलो. आपण. त्याने आपण म्हटलं याचं तिला रडू यायला लागलं.

"थांबवतो आता सगळं," तो म्हणाला, "आधी नवीन बॅकअप काढतो— म्हणजे, घेतो," आणि स्वतःच हसला. "चूक माझीच हाय. काढा म्हणून लिहिलं मी. आमच्याकडं पण तसंच म्हणत्यात, कुणाचाबी गोंधळ होईल. आज माझा मेसेज वाचला तेव्हा तुमच्या ध्यानात आलं असंल न्हवं? बसमध्ये?"

एवढं सोपं होतं. त्याने आपल्या हाताने दार उघडून धरलं होतं, तिने फक्त हो म्हणून आत जायचं होतं. हो म्हटलं की चूक त्याची, शब्दाची, विजेची, कोणाचीही. ती दोनदा वाचल्याशिवाय एंटर न मारणारी ताईच राहील. केंद्रावरची मुलगी ट्रे घेऊन तिच्यापाशी आली होती. "मॅडम, आता तुम्हीच राहिलात. दार लावायचंय," असं म्हणून तिने ट्रे पुढे धरला. त्यात मुलांचे फोन एकावर एक पडले होते.

"नाही सर," विनोदिनी म्हणाली. "शनिवारीच आलं होतं ध्यानात. पुसल्यावर लगेच. तुम्हाला 'काढला' म्हणून कळवलं तेव्हा मला माहीत होतं तुम्ही काय समजणार ते."

फोन तुटला की काय म्हणून तिने बघितलं; तुटला नव्हता. प्रशांतचा श्वास ऐकू येत होता आणि त्याच्या मागे जानकी कोणाला तरी दुपारी या, दुपारी या सांगत होती.

"मॅडम," मुलगी म्हणाली.

फोन ट्रेमध्ये टाकला असता तर तिच्यावर कोणी बोट ठेवलं नसतं, परीक्षाच होती. विनोदिनीने मोकळ्या हाताने ट्रे हळूच मागे सारला.

"बोला, सर," ती म्हणाली. "मी कुठे जात नाही. ऐकतेय."